काताकाना: वाचन आणि लेखनाचा सराव (नवशिक्यांसाठी धागा)

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. जपानी शिकणाऱ्यांचे इथे बरेच धागे आहेत, पण काताकानाच्या सरावाचा वेगळा धागा दिसला नाही, म्हणून काढते आहे.

मी पुण्यात छोट्या गटांना जपानी शिकवते. जवळजवळ प्रत्येक तुकडीत एकच गोष्ट दिसते. उच्चार लिहायच्या जपानीत दोन लिप्या आहेत, त्यांतली हिरागाना मुलं मन लावून शिकतात आणि काताकाना उरकून टाकतात. पुढे एन-५ च्या, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या पहिल्या पायरीच्या, तयारीला लागली की कांजीपेक्षा (चिनी अक्षरांपेक्षा) काताकानातल्या शब्दांवर जास्त अडखळतात. हिरागाना प्रत्येक वाक्यात भेटते, तिचा सराव आपोआप होतो. काताकाना अधूनमधून भेटते, आणि भेटते ती बहुतेक वेळा बाहेरून आलेल्या शब्दांत. ते शब्द जपानी उच्चारात गेल्यावर ओळखू येत नाहीत. म्हणजे अक्षर ओळखायचं आणि शब्दही ओळखायचा, ही दोन कामं एकदम करावी लागतात. सराव दोन्हींचा हवा.

या धाग्यावर एक पथ्य पाळूया. काताकाना अक्षरं इथे टंकायची नाहीत. उच्चार देवनागरीत द्यायचा, रेघा शब्दांत सांगायच्या आणि अक्षर ज्यानं त्यानं वहीत हाताने काढायचं. अक्षर समोर दिसलं की आपण नक्कल करतो. नुसता आवाज समोर असला की आठवावं लागतं, आणि लिहिणं पक्कं होतं ते आठवण्यामुळे.

वही चौकटीची घ्या, लहान मुलांची गणिताची असते ती. एका चौकटीत एक अक्षर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोमन लिपी पूर्ण बाजूला ठेवा. मराठी माणसाला तिची गरजच नाही. जपानी त-ओळ अशी आहे: ता, चि, त्सु, ते, तो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला त्या ‘त्सु’साठी जीभ वळवायला शिकावं लागतं. आपण तो आवाज रोज काढतो. चूल, चुना, चूक यांतला च म्हणजे तोच. आणि ‘चि’ म्हणजे चिमणीतला च. इ आला की च तालव्य होतो, उ आला की दंत्य, ही सवय आपल्या तोंडात आधीपासून आहे. ज चंही तसंच. जागा, जुना, जोर यांतला ज घ्या आणि जिन्यातला ज घ्या, झा-जि-झु-झो झालं.

दुसरा फायदा अनुस्वाराचा. ‘न्’ हे काताकानातलं एकमेव अक्षर ज्यात स्वर नाही. पुढे प-ब आले की त्याचा म् होतो, क-ग आले की ङ्, त-द आले की न्. आंबा, अंग, अंत म्हणून पाहा. हा नियम कुणी तुम्हाला वेगळा शिकवायला नको.

मूळ अक्षरं ४६. त्यांतल्या काहींवर उजवीकडे वर दोन छोट्या रेघा दिल्या की क चा ग, त चा द, ह चा ब होतो. छोटं वर्तुळ दिलं की ह चा प. अशी आणखी २५ होतात, पण नवं अक्षर त्यांत एकही नाही.

खुणा ठरवूया: दीर्घ आवाजासाठी मी ऽ लिहीन, तिथे तुम्ही आडवी रेघ काढायची. त्त, क्क, द्द असं द्वित्त दिसलं की आधी छोटा त्सु काढायचा.

पहिला संच, सगळी मूळ अक्षरं: कामेरा, तोइरे, होतेरु, तोमातो, मिरुकु, नाइफु, आइसु, कुरासु, तेनिसु, रेसुतोरान्.

लिहून झालं की तक्त्याशी ताडून पाहा आणि जे अडलं ते इथे विचारा.

निळीशाई

ताई, फारच गरजेचा धागा. पहिला संच लिहिला. नाइफुमधलं फु, कुरासुमधलं कु आणि सु हे एकमेकांत मिसळतात. आणि तुम्ही संचात घेतली नाहीत ती चार अक्षरं, शि, त्सु, सो आणि न् (न् तेवढा रेसुतोरान्‌मध्ये आला), ती तर अजिबात वेगळी दिसत नाहीत. वाचताना अंदाज करते. यावर खात्रीचा काही उपाय आहे का?

इदोगावा

आहे, आणि तो लिहिण्यातच आहे. मी तोक्योत निशि-कासाईला राहतो. इथे नव्याने येणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाला ही चार अक्षरं समजावून सांगावी लागतात.

पेन्सिल घ्या. आधी शि. दोन छोट्या रेघा, एकीखाली एक, चौकटीच्या डाव्या बाजूला. दोन्ही किंचित खाली उतरत्या, पण बऱ्याचशा आडव्या. तिसरी रेघ डावीकडे खालून सुरू करायची आणि उजवीकडे वर न्यायची. वर जाता जाता पेन्सिल हलकी करत उचलायची.

आता त्सु. दोन छोट्या रेघा शेजारी शेजारी, चौकटीच्या वरच्या बाजूला, बऱ्याचशा उभ्या. तिसरी रेघ उजवीकडे वरून सुरू करायची आणि डावीकडे खाली उतरवायची.

म्हणजे शिची तिन्ही सुरुवात-टोकं डाव्या कडेला एका उभ्या रेषेत येतात. त्सुची तिन्ही सुरुवात-टोकं वर एका आडव्या रेषेत. अनोळखी ठशात वाचताना हेच पाहायचं. कागदाची सरळ कड अक्षराला डावीकडून लावा. तिन्ही रेघा तिला टेकत असतील तर शि. वरून लावल्यावर टेकत असतील तर त्सु.

न् म्हणजे शिमधली एक छोटी रेघ काढून टाकली. मोठी रेघ खालून वर. सो म्हणजे त्सुमधली एक काढून टाकली. मोठी रेघ वरून खाली.

हिरागाना येत असेल तर आणखी सोपं. हिरागानातला शि वरून खाली येऊन उजवीकडे वर वळतो. काताकाना शिची टोकं त्याच वाटेवर आहेत. हिरागानातला त्सु वरच्या बाजूने उजवीकडे जाऊन खाली वळतो. काताकाना त्सु त्याच वाटेने जातो. एकावर एक काढून पाहा, पुन्हा गोंधळ होणार नाही.

छापील अक्षरांत ज्या ठशात रेघा जाड-बारीक असतात तिथे बारीक टोकाकडे लक्ष द्या. रेघ जिथे संपते तिथे ती निमुळती होते. शि आणि न् चं निमुळतं टोक वर उजवीकडे, त्सु आणि सो चं खाली डावीकडे.

निळीशाई

कागदाची कड लावून पाहिली. लगेच कळतंय! घरात एका शाम्पूच्या बाटलीवर मागे जपानी मजकूर आहे, त्यातले सगळे न् शोधून काढले.

पाटीपेन्सिल

इदोगावा दादा, मनापासून आभार. मी वर्गात कडेची युक्ती सांगत नव्हते, आता सांगेन.

निळीशाई, तुमच्या फु-कु-सु विषयी. ही अक्षरं सुटी सुटी पाठ करू नका, फुपासून एकेक रेघ वाढवत जा. फु म्हणजे एकच रेघ: आडवी जाते, कोपऱ्यात वळते आणि डावीकडे खाली उतरते. तिच्या डाव्या टोकाला छोटी उभी रेघ जोडली की वा. वा च्या डोक्यावर मधोमध आणखी एक छोटी उभी रेघ दिली की उ. फुच्या वर सुटी आडवी रेघ दिली की रा. फुची उतरती रेघ बरीच खाली आणली आणि तिच्या मध्यापासून उजवीकडे एक रेघ बाहेर काढली की सु. तीच रेघ मधून न काढता आरपार छेदून नेली की नु. सु आणि नु यांत फरक तेवढाच आहे, छेदते की नाही.

कुचं घराणं तिरकं. डावीकडे एक छोटी तिरकी रेघ, मग तिच्या डोक्यापासून निघून वळून उतरणारी दुसरी. आत एक रेघ दिली की ता. के मध्ये आडवी रेघ उजवीकडे बाहेर जाते आणि उतरती रेघ त्या आडव्या रेघेच्या मधून निघते.

एका ओळीत फु, वा, उ, रा, सु, नु, दुसऱ्या ओळीत कु, ता, के. असं पानभर काढा. तोंडाने उच्चार करत काढा.

चि आणि ते यांचाही असाच घोळ होतो. ते मध्ये वरच्या दोन्ही रेघा सरळ आडव्या, आणि तिसरी खालच्या आडवीपासून निघते. चि मध्ये सर्वांत वरची रेघ उजवीकडून डावीकडे तिरकी येते आणि उभी रेघ आडवीला छेदून जाते. को आणि यु मध्ये खालची रेघ पाहा. यु ची दोन्ही बाजूंना बाहेर जाते, को ची उजव्या उभ्या रेघेपाशी थांबते.

कोकणकडा

चांगली चर्चा. पण मूळ मुद्द्यावरच शंका आहे. हाताने लिहिण्यात एवढा वेळ का घालवायचा? परीक्षेत चार पर्यायांतून निवडायचं असतं, एक अक्षरही लिहायचं नसतं. मी वाहन उद्योगात आहे, कामासाठी आइची प्रांतात जायचं आहे. तिथे टंकलेखन संगणकावर, निरोप फोनवर. मला वाचायची गती हवी आहे.

इदोगावा

कोकणकडा, इथे आलात की पहिल्याच आठवड्यात पेन हातात येईल. वॉर्डाच्या कचेरीत, बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत, सगळीकडे अर्ज. त्यावर नावाच्या वर एक अरुंद रकाना असतो, ‘फुरिगाना’. तो शब्द काताकानात छापलेला असेल तर नावाचा उच्चार काताकानात भरायचा, हिरागानात छापलेला असेल तर हिरागानात. आपली नावं परदेशी, त्यामुळे काताकानाच सगळीकडे. बँकेत पैसे पाठवायचे तर खातेदाराचं नाव काताकानात लागतं.

पाटीपेन्सिल

आणि गतीसाठीसुद्धा लिहिणं उपयोगी आहे, कोकणकडा. शि-त्सुसारख्या जोड्यांत डोळ्याला फरक कळतो तो हाताला रेघेची दिशा माहीत झाल्यावर. निळीशाईंचं उदाहरण वर आहेच.

टंकायचं असेल तर एक सांगते. फोनवर जपानी कळफलक घ्याल तेव्हा रोमन अक्षरांचा घेऊ नका, बारा खणांचा घ्या. त्यात एका खणात एक ओळ असते: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. खणावर नुसतं टेकवलं की आ-कार, डावीकडे सरकवलं की इ-कार, वर उ-कार, उजवीकडे ए-कार, खाली ओ-कार. बाराखडी येणाऱ्याला हा कळफलक लवकर हाती बसतो आणि प्रत्येक निरोपाबरोबर ओळींचा सराव होतो.

कोकणकडा

कळफलकाची माहिती उत्तम, आजच बसवतो. फुरिगानाचंही पटलं. तरी मी सगळी ४६ रोज लिहिणार नाही. गोंधळाची अक्षरं आणि माझं नाव, एवढं लिहीन, बाकी वेळ वाचनाला देईन. कारखान्यात लागतील असे शब्द कुणी देऊ शकेल का?

इदोगावा

हे घ्या. सुटे भाग आणि यंत्रं: बोरुतो, नात्तो, बारुबु, पोन्पु, मोऽताऽ, सेन्साऽ, सुइच्चि, केऽबुरु, बेआरिन्गु. गाडी: एन्जिन्, बुरेऽकि, आकुसेरु, ताइया, गासोरिन्, हान्दोरु.

पोन्पु वाचताना ताईंनी सांगितलेला अनुस्वार आठवा, ‘पोंपु’. हान्दोरु म्हणजे गाडीचं स्टिअरिंग. दोराइबाऽ म्हणजे चालकही आणि पेचकसही, कुठला ते संदर्भावरून कळतं. बाइकु म्हणजे मोटरसायकल, हे आपल्याकडच्यासारखंच.

घाटमाथा

धागा आवडीने वाचतो आहे. जपानी मला येत नाही, संस्कृतचा अभ्यास आहे, आणि ताईंनी वर दिलेला अक्षरांचा क्रम पाहून थोडं लिहावंसं वाटलं.

आ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा आपल्या वर्णमालेचाच क्रम आहे. तो योगायोगाने आलेला नाही. बौद्ध भिक्षू चीनमार्गे संस्कृत शिकत, ते सिद्धं लिपीतून. ती लिपी ब्राह्मीच्या वंशातली, म्हणजे देवनागरीची नातलग. कूकाई (७७४–८३५) हा भिक्षू ८०४ साली चीनला गेला, तिथे संस्कृत शिकला आणि ८०६ साली सिद्धं लिपीतलं साहित्य घेऊन परतला. त्याच्यानंतरच्या पिढ्यांनी सिद्धंच्या अभ्यासातून जपानी ध्वनींची अशी मांडणी केली.

तुम्हाला प्रश्न पडेल की क नंतर स कसा, आणि न नंतर ह कसा? उत्तर जुन्या उच्चारांत आहे. ह-ओळीचा उच्चार प्राचीन जपानीत प होता. म्हणजे तिथे प-वर्गच बसला होता, म च्या अगोदर, बरोबर जागेवर. म्हणूनच ह ला वर्तुळ दिलं की प आणि दोन रेघा दिल्या की ब होतो. स-ओळीचा उच्चारही त्या काळी च/त्सच्या जवळचा असावा, असं अभ्यासक मानतात. तसं धरलं तर ती च-वर्गाच्या जागी बसते. कंठापासून ओठांपर्यंतचा प्रवास पूर्ण होतो. ट-वर्ग जपानीत नाही, म्हणून क्रमातही नाही.

काताकाना अक्षरंही भिक्षूंचीच. नवव्या शतकात चिनी ग्रंथ जपानीत वाचताना ओळींच्या मधल्या बारीक जागेत उच्चार लिहून ठेवायचे, तर पूर्ण चिनी अक्षराला जागा कुठली? म्हणून त्याचा एक तुकडा घेतला. ‘काता’ म्हणजे अपुरा, एक भाग. काही साधी अक्षरं तर अख्खीच आली. दोन या आकड्याच्या कांजीवरून नि, तीनवरून मि, आठवरून हा, हजारवरून चि.

निळीशाई

घाटमाथा काका, ह-प-ब चं कोडं मला पहिल्या दिवसापासून पडलं होतं! पुस्तकात फक्त ‘लक्षात ठेवा’ असं होतं.

इदोगावा

काका, सिद्धं अक्षरं इथे अजून रोजच्या पाहण्यात आहेत. देवळाला लागून जी दफनभूमी असते तिथे समाधीच्या मागे उंच लाकडी फळ्या उभ्या केलेल्या दिसतात, ‘सोतोबा’. त्यांवर सिद्धं अक्षरं लिहिलेली असतात. काही अक्षरं देवनागरी वाचणाऱ्याला ओळखीची वाटतात.

पाटीपेन्सिल

काका, सुंदर लिहिलंत. सरावात याचा उपयोग असा: अक्षरं ओळीने म्हणायची सवय ठेवा, बाराखडी म्हणतो तशी. जपानी शब्दकोश याच क्रमाने लावलेला असतो.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडे क ला मात्रा दिली, वेलांटी दिली, तरी क दिसत राहतो. काताकानात का, कि, कु, के, को ही पाच पूर्ण वेगळी अक्षरं आहेत, एकमेकांशी रूपाचा काही संबंध नाही. म्हणून ओळ तोंडी म्हणायची, पण लेखनाचा सराव दिसायला सारख्या अक्षरांचे गट करूनच करायचा.

दुसरा संच, दीर्घ आणि दोन रेघांवाली अक्षरं: बासु, दोआ, तेरेबि, राजिओ, गारासु, तेऽबुरु, काऽदो, केऽकि, चिऽझु, बिऽरु.

दीर्घ रेघ विसरू नका. बिऽरु म्हणजे बिअर, बिरु म्हणजे इमारत. आडव्या मजकुरात ती रेघ आडवी असते, उभ्या मजकुरात उभी.

जास्वंदी

मला नाव लिहायचं आहे. आमच्याकडे ळ आहे, ठ आहे, ट आहे. यांचं काय करायचं? आणि ल-र चं?

पाटीपेन्सिल

ल, ळ, र तिन्ही र-ओळीत जातात. ट-त-ठ-थ सगळे त-ओळीत. महाप्राण मावळतो, ख चा क होतो, भ चा ब. सुट्या व्यंजनाला सहसा उ जोडायचा, पण ट-ड ला ओ.

काही नावं तर जशीच्या तशी बसतात. शिंदे: शि, न्, दे. केतकी: के, ता, कि. कुलकर्णी: कु, रु, का, रु, नि. देशपांडे: दे, शि ला जोडून छोटा यु म्हणजे शु, मग पा, न्, दे. पाटीलसाठी ते ला जोडून छोटा इ लिहायचा, म्हणजे ति मिळतो. पा, ति, रु. ऋतुजा: रु, मग तो ला छोटा उ जोडून तु, मग जि ला छोटा या जोडून जा. वैभव, विठ्ठल यांसारख्या नावांतला व दोन प्रकारे लिहितात. उ वर दोन रेघा देऊन छोटा स्वर जोडायचा, किंवा सरळ ब-ओळ वापरायची. परकीय शब्दांच्या लेखनाबद्दल जपानी मंत्रिमंडळानं १९९१ साली अधिसूचना काढली, तिच्यात दोन्हींना जागा आहे.

गावं हवी असतील तर गोवा म्हणजे गो, आ. मुंबई म्हणजे मु, न्, बा, इ. महाराष्ट्र लांबलचक आहे: माहाऽराऽशुतोरा. छोटा यु आणि दोन दीर्घ रेघा धरून नऊ चिन्हं. सरावाला छान.

इदोगावा

जास्वंदीताई, जपानला यायचं असेल तर एक गोष्ट आवर्जून करा. नावाचं एकच रूप ठरवा आणि कागदावर लिहून जवळ ठेवा. दीर्घ रेघ आहे की नाही, व ला ब केलाय की नाही, हे सगळीकडे एकसारखं हवं. बँकेत एक रूप आणि पगाराच्या कागदावर दुसरं असेल तर पैसे जमा होताना अडतात.

जास्वंदी

लिहून ठेवलं. छोटी अक्षरं चौकटीत नेमकी कुठे काढायची?

पाटीपेन्सिल

चौकटीत फिकट अधिकचं चिन्ह काढून चार भाग करा. आडवं लिहिताना छोटं अक्षर डावीकडच्या खालच्या भागात, उभं लिहिताना उजवीकडच्या वरच्या भागात. त्यालाही पूर्ण एक चौकट द्यायची, शेजारच्या अक्षराच्या चौकटीत कोंबायचं नाही. अपवाद नाही.

तिसरा संच यासाठीच: शात्सु, जुऽसु, न्युऽसु, मेन्युऽ, चेक्कु, बेद्दो, चिकेत्तो, साक्काऽ, पाऽतिऽ.

कोकणकडा

वाचनाचा अनुभव सांगतो. कळफलक आवडला. कारखान्याचे शब्द वाचता येतात, पण अनोळखी शब्द आला की अक्षरं सगळी वाचून होतात आणि शब्द कळतच नाही.

पाटीपेन्सिल

मोठ्याने वाचा. आधी प्रत्येक अक्षर स्वरासकट, मग भरभर. भरभर म्हणताना उ आणि ओ पुसट होतात, मागे ओळखीचा शब्द उरतो. तरी नाही कळला तर र च्या जागी ल घालून पाहा, ब च्या जागी व. एरेबेऽताऽ, चोकोरेऽतो, माकुदोनारुदो हे असेच सुटतात. लिफ्ट, चॉकलेट, मॅकडोनल्ड्स.

कापलेले शब्द तेवढे पाठ करावे लागतात. पासोकोन् म्हणजे वैयक्तिक संगणक, रिमोकोन् म्हणजे रिमोट, एआकोन् म्हणजे एसी, कोन्बिनि म्हणजे रोजच्या वस्तूंचं छोटं दुकान. आणि काहींचा अर्थच सरकलेला असतो. मान्शोन् म्हणजे साधा इमारतीतला फ्लॅट. कोन्सेन्तो म्हणजे भिंतीवरचा प्लगचा सॉकेट. आरुबाइतो जर्मनमधून आला, अर्धवेळ नोकरी. पान् म्हणजे ब्रेड, तो पोर्तुगीजांनी तिकडे नेला, आपल्याकडचा पावही त्यांचाच.

आणि एक मोठा साठा आपण विसरतोय, ध्वनी आणि भाव दाखवणारे शब्द. मांगा (जपानी चित्रकथा) वाचायला घेतलीत तर पानोपानी काताकानात हेच. पिकापिका म्हणजे लखलख, दोकिदोकि म्हणजे छातीतली धडधड, गोरोगोरो म्हणजे ढगांचा गडगडाट, वान्वान् कुत्र्याचं भुंकणं. मराठीत असे शब्द ढिगाने आहेत, त्यामुळे यांचा अर्थ आपल्याला चटकन भिडतो. एकच दोन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, म्हणून नवशिक्यांना वाचायला हे सगळ्यात सोपे. आणि न वैतागता लिहिता येतात.

फुकट साहित्य हवं असेल तर जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक महाजालावरून उतरवून घेता येतं, आणि एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या आहेत. बातमीतले फक्त काताकाना शब्द गोल करायचे आणि तेवढेच वाचायचे, बाकी सोडून द्यायचं. सुरुवातीला एवढं पुरे.

घाटमाथा

ताई, मीही चौकटीची वही आणली आहे. ‘ओ’ अक्षराखेरीज तक्त्यात शेवटी एक ‘वो’ दिसतो. त्याच्या रेघांचा क्रम काय?

पाटीपेन्सिल

काका, तो शब्दांत क्वचितच लागतो, पण क्रम बरोबर शिकून घ्या, कारण बहुतेक जण तो फु काढून मध्ये रेघ मारतात. तसं नाही. आधी वरची आडवी रेघ, मग तिच्याखाली दुसरी आडवी, आणि शेवटी वरच्या रेघेच्या उजव्या टोकापासून डावीकडे खाली उतरणारी तिसरी.

निळीशाई

तिसरा संच लिहिला. जुऽसु लिहिताना आधी जि, मग छोटा यु, मग दीर्घ रेघ, मग सु, बरोबर? आणि शात्सुमध्ये त्सु मोठा ठेवला, कारण त्याचा आवाज पूर्ण येतो.

पाटीपेन्सिल

दोन्ही बरोबर. आता वाचनाचा संच, अर्थ तुम्ही सांगायचे: आइसुकुरिऽमु, ताकुशिऽ, सुऽपाऽ, देपाऽतो, इन्दो, काऽदो, होचिकिसु, दोकिदोकि, सुमाहो. होचिकिसु दप्तराच्या टेबलावर असतं, एवढीच खूण देते.